काकीने झाडून घेतलेली केळीबाग

माझ्या काकीला घाण बघवत नाही, आणि या एका गुणापायी तिची सरकारी मदत गेली.

वादळात प्रकाशा गावाजवळची आमची केळी आडवी झाली. काका गेल्यापासून काकी एकटीने पाऊण एकर सांभाळते, ती तर सगळीच झोपली. पंचनाम्याला तलाठी येणार कळल्यावर हिने काय करावं? दोन दिवस राबून पडलेले केळीचे खांब ओढत बांधापलीकडे, म्हणजे आमच्या शेतात नेऊन टाकले आणि स्वतःचं रान झाडून काढलं. आमच्याकडच्या बायकांना पाहुणा येणार म्हटलं की गोठासुद्धा सारवावा लागतो. सरकारी माणसाला कचऱ्यातून फिरवायचं का, असं तिचं म्हणणं.

तलाठ्याने ते लख्ख रान बघून नुकसान निरंक लिहिलं. आमच्या बाजूचा ढीग मात्र मन लावून मोजला. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला चहा पाजला. ढीग कुणाचा ते सांगितलं नाही. त्याने विचारलंच नाही, हे त्यांचं नंतरचं उत्तर.

मी शहाद्याला शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे अंगात जरा जास्तच लोकशाही आहे. मदतीची यादी कपाटात का, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, ग्रामसभेत वाचा, अशी मी बोंब ठोकली. ग्रामसेवक इतका वैतागला की त्याने कागद माझ्याच हातात दिला आणि तुम्हीच वाचा मॅडम म्हणाला.

मी चांगल्या चढ्या आवाजात सुरू केलं. काकी पुढेच बसली होती. तिचं नाव काही येईना. बापूंचं आलं, पुढे दीड एकर केळी. आमचीही केळी पाऊणच एकर, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तिथेच थांबले. लाज तर वाटलीच, पण खरं सांगते, कागद गिळून टाकावासाही वाटला.

काकी म्हणाली, "थांबनी का बरं? वाच. त्या मन्हाच खांब शेतस." ते खांब माझेच आहेत, असं तिने भरसभेत अहिराणीत सांगून टाकलं.

बापूंनी दोन दिवस घरात आदळआपट केली. तिसऱ्या दिवशी मी लिहिलेल्या हरकतीच्या अर्जावर मुकाट सही केली. फेरपंचनामा ठरला. मग आम्ही तिघांनी ते कुजके, चिकट खांब एकेक करून परत काकीच्या रानात नेले. बापू दोनदा घसरून पडले. त्यांनी वाऱ्याला, सरकारला आणि मला शिव्या घातल्या, मला जरा जास्त. आणि ही बाई खांब सरळ ओळीत मांडत बसलेली!

दुसरी यादी फळ्यावर लागली तेव्हा मी शाळेत होते. काकीला वाचता येत नाही, म्हणून तिने बापूंना सोबत नेलं. तिचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं. खाली स्वतःच्या नावापुढे क्षेत्र निम्मं केलेलं होतं, तेवढं गाळून ते पुढे निघाले. काकीने त्यांना मागे बोलावून ते वाचायला लावलं.