‘उद्या’ची खूण

मी मुळातच घाबरट. बी.एड.ला असताना वर्षभर पाचावर धारण बसलेली असायची आणि सगळ्यांत जास्त भीती वार्षिक पाठाची. बाहेरचे परीक्षक मागच्या बाकावर येऊन बसणार, आपण शिकवायचं आणि ते मार्क देणार. नापास झाले असते तर घरच्यांनी लगेच स्थळं बघायला घेतली असती.

माझी सरावाची शाळा नाशकातच, पेठ रोडला. पाचवीच्या त्या वर्गात एका मुलीला ऐकू येत नव्हतं. ती मध्येच उठून फळ्याशी यायची, माझ्या ओठांकडे टक लावून बघायची, नाहीतर घशातून मोठा आवाज काढायची. परीक्षकांसमोर हिने असं काही केलं तर? पाठाच्या आदल्या दिवशी मी तिला दारापाशी नेलं, बाहेर बोट दाखवलं आणि हात हलवला. येऊ नकोस. बिचारीने मान डोलावली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, “बरं केलंत. पाहुणे येणार असले की सगळे तेच करतात.”

आणि माझा शहाणपणा बघा, पाठाच्या टाचणात मीच लिहिलं होतं: विशेष गरजा असलेली विद्यार्थिनी एक, तिला पहिल्या बाकावर बसवणार. परीक्षकांनी ते वाचून विचारलं, “कुठंय ती?”

“आजारी आहे, सर.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, पण एकही पोर बोललं नाही. मी पास झाले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं खरंच आजारी पडली की काय माझ्या तोंडून निघालं म्हणून. चौथ्या दिवशी तिच्या शेजारी राहणारी मैत्रीण म्हणाली, “मॅडम, तिचा दाखला काढणारेत. घोटीला आजीकडं पाठवणारेत.” माझ्यामुळे एका पोरीची शाळा सुटत होती.

शाळा सुटल्यावर त्या मैत्रिणीला घेऊन मी तिच्या घरी गेले. आई द्राक्षांच्या पॅकिंगवरून नुकतीच आली होती. “तुमीच नाय म्हनले ना तिला?” ती म्हणाली. “तवापासून दप्तराला हात नाय लावला. मॅडमच नको म्हनत्यात, मंग कशाला पोरीची हेळसांड?”

“अहो, मी फक्त उद्या येऊ नको म्हटलं होतं.”

म्हटलं होतं म्हणे. हाताने तर मी नुसतं ‘येऊ नको’ म्हटलं होतं. ‘उद्या’ची खूण मला येतच नव्हती, आणि समावेशक शिक्षणाच्या पेपरात मी वर्गात पहिली होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मैत्रिणीने ‘उद्या’ची खूण दाखवली. गालाखाली हात घेऊन झोपायचं, मग एक बोट वर. एक झोप झाली की उद्या. वर्गातल्या प्रत्येक पोराला ती येत होती.

मी आईला परीक्षकांचं, खोटं बोलल्याचं, सगळं सांगून टाकलं. ती मुलगी आईच्या मागेच बसली होती; मैत्रीण ते हातांनी तिला सांगत होती. मग मी त्या मुलीसमोर बसले, गालाखाली हात घेतला, बोट वर केलं आणि तिला ये म्हणून खुणावलं.

मैत्रिणीकडे वळून तिने भराभर हात हलवले.

“मॅडम, ती विचारतेय, उद्या पाहुणे येणार आहेत का. येणार असले तर ती परवा येईल.”