फक्कीचं रिंगण

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बाजारात डांगरं निवडत होतो. खरबुजाला आम्ही खानदेशात डांगर म्हणतो, आणि ते ठोकून नाही तर हुंगून घ्यायचं असतं, हे मला नानांनीच शिकवलेलं. एक नाकाशी धरलेलं असतानाच वहिनींचा आवाज आला, "मास्तर, हे गेले हो..." खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मनात पहिला विचार आला तो फक्कीचा, म्हणजे मैदानावर रेघा आखायच्या त्या पांढऱ्या पुडीचा. आता टिटव्यांचं कसं होणार, हा.

आम्ही शेजारी. नाना सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे, मी शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात. नाना पाखरांच्या नादी लागले आणि मला त्यांनी स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवलं. वहिनी म्हणायच्या, "लग्नाचा वाढदिवस लक्षात राहत नाही, पण चित्रबलाक कधी येतात ते पाठ!" चैत्रात तळ्यांचं पाणी आटायला लागलं की आमची फेरी ठरलेली. सकाळी सोनगीरच्या अलीकडचं तळं, तिथून अमळनेरवरून एरंडोल, आणि उतरत्या उन्हात पद्मालयाच्या तळ्यातले, पानांवरून चालणारे कमळपक्षी. तिथल्या गणपतीला नमस्कार नंतर, आधी कमळपक्षी. एवढ्या उन्हात शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत, असं मी दरवर्षी म्हणायचो आणि दरवर्षी जायचो. निंबाच्या सावलीत कळण्याची भाकरी आणि मिरचीचा खुडा खाताना समोरून हळदी-कुंकू बदक पोहत गेलं, की नाना हात जोडायचे, "सवाष्ण आली मास्तर, नमस्कार करा."

पण त्यांचा खरा जीव होता टिटवीत. दिसायला साधी, आवाज भांडकुदळ, कुठंही सापडणारी. इतकी देखणी पाखरं सोडून हीच का, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. टिटवी पाण्यात उतरली, पोट भिजवलं, तुरुतुरु चालत परत आली आणि त्या ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं पुन्हा गेली, पुन्हा भिजून आली. "उबवत नाहीये ती, थंड करतेय," नाना म्हणाले. "आपल्याकडं ऊब द्यायला वर सूर्य बसलाय की!" आता गंमत अशी, की त्या सोनगीरच्या तळ्याच्या सुकलेल्या तळात टिटवी अंडी घालते त्याच दिवसांत शेतकरी तिथला गाळ शेतात न्यायला ट्रॅक्टर लावतात. अंडी मातीच्याच रंगाची. ट्रॅक्टरवाल्याला दिसणार कुठून?

यावर नानांनी पहिला उपाय काढला तो अगदी आपल्या मातीतला. घरट्याभोवती दगड मांडले आणि त्यांना शेंदूर फासला. शेंदूर लावलेल्या दगडाला कोणी हात लावत नाही, हा हिशेब. हिशेब बरोबर होता, पण अर्धाच. पुढच्या खेपेला गेलो तर तिथं नारळाच्या करवंट्या, हिरव्या बांगड्या, लिंबं आणि पुरणपोळीचा नैवेद्य! पाण्याकाठी शेंदराचे दगड म्हणजे साती आसराच, पाण्याच्या देवी, असं गावानं ठरवून टाकलेलं. टिटवी ओरडते ती देवीची राखण करते म्हणून, हेही ठरलेलं. नैवेद्याच्या वासानं कुत्री आली आणि कुत्र्यांनी अंडी खाल्ली. नाना बांधावर डोकं धरून बसले. "देव करायला वेळ लागला नाही मास्तर, आता याला उठवू कसा?" मला हसू आवरेना आणि त्यांचं तोंड बघून हसवतही नव्हतं. शेवटी गावकऱ्यांनाच विनवून ते दगड वाजतगाजत बांधावरच्या निंबाखाली हलवले. अजून तिथं आहेत, छोटा ओटाही झालाय. पहिला नारळ फोडणारा भटू, गाळाचा ट्रॅक्टर चालवायचा, तो तर आम्हाला पुजारीच समजायला लागला होता.

मग नानांना आपली नोकरी आठवली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी जुन्या दुधाच्या किटलीच्या झाकणाला भोकं पाडली, आत फक्की भरली आणि प्रत्येक घरट्याभोवती पांढरं रिंगण आखलं. झालं! हायवेच्या रुंदीकरणापासून आमच्याकडं पांढरी खूण दिसली की लोक धास्तावतात. सरकारी मोजणी आली म्हणतात आणि चार हात लांबून जातात. ट्रॅक्टर वळसा घालून जायला लागले. "देवाच्या जवळ जातात, मोजणीपासून पळतात," नाना खूश होऊन म्हणाले. भटूला मात्र त्यांनी खरं ते सांगितलं. दुर्बिणीतून ते ओलं पोट दाखवलं. तो बघतच राहिला, मग खो-खो हसला.

या वर्षी छातीच्या दुखण्यानं नाना दवाखान्यात पडले ते उठलेच नाहीत. शेवटचं भेटलो तेव्हा धाप लागत होती, तरी माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, फक्की आता तुमच्याकडं." मी म्हटलं, मला अंडी दिसत नाहीत, उलट पायाखाली यायची. "टिटवी सांगते ना... जितकी जास्त ओरडेल, तितके तुम्ही जवळ." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग दहावं, तेरावं, येणारे-जाणारे. घर सोडून तळ्यावर निघायचं कोणत्या तोंडानं? पण रोज सकाळी मनात ट्रॅक्टर सुरू व्हायचा. मरताना माणसानं एकच गोष्ट मागितली आणि तीही आपल्याच्यानं होत नाही, या विचारानं घास उतरत नव्हता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सकाळी वहिनींनीच किटली आणून माझ्यापुढं ठेवली. "जाऊन या. त्यांच्या नावाची घागर तुम्ही आल्यावर भरते."

तळ्यावर नुसता धुरळा. ट्रॅक्टरांची रांग, अर्धं तळं खोदलेलं. उशीर झाला, सगळं संपलं, असं वाटलं, तरी किटली घेऊन तळात उतरलो. तेवढ्यात डोक्यावर टिटवी ओरडायला लागली, आणि धुरळ्यातून कोणीतरी तिच्याहून मोठ्यानं.

"ओ मास्तर! नका जाऊ तठे! खाले अंडा शेतस!"

मी जागच्या जागी थिजलो. पायापुढं रिंगण होतं. गुलाबी! आजूबाजूला पाहिलं तर खोदलेल्या तळात जागोजागी न खोदलेले मातीचे ओटे राहिलेले, प्रत्येकावर एक रिंगण, काही पांढरी, काही गुलाबी, आणि एकेका रिंगणात एकेक टिटवी ऐटीत बसलेली. भटू ट्रॅक्टरवरून उतरून आला.

"इकत लयेल फक्की बठ्ठी सरी गयी, मंग बायकोनी रांगोयी लई उनू," तो ओशाळून म्हणाला. "नाना नहीत, पन टिटव्या तं शेतस ना. त्यास्नी काय पाप करं?"

मी तिथंच गाळात बसलो आणि रडलो. बाजारात न आलेलं रडू सगळं तिथं आलं. भटूनं पाण्याची बाटली पुढं केली. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं हलकं वाटलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्या दिवशी एरंडोलला गेलो नाही. खूप वेळ बांधावर बसून राहिलो. एक टिटवी पाण्यावर गेली, पोट भिजवून आली.

दुपारी भरलेली किटली तशीच घेऊन परतलो. वहिनींनी आधी किटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. अंडी वाचली नाहीत असं समजून त्यांचा चेहरा उतरला. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. गुलाबी रिंगणावर आलो तशा त्या हसल्या, नाना गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, डोळे भरेपर्यंत. मग नानांची घागर पाण्यानं काठोकाठ भरली, तिच्यावर डांगर ठेवलं. दुखवट्याचं वर्ष, घरात रांगोळी नव्हती. त्यांनी माझ्या हातून किटली घेतली आणि वाकून घागरीभोवती सावकाश फक्कीचं रिंगण ओढलं.

"हं," त्या म्हणाल्या, "आता इथं कोणी पाय द्यायचा नाही."