दिगंबरचे काटे

दिगंबर जोशी बोलता बोलता समोरच्याचं मनगट धरायचा. आमच्या जळगाव जामोदच्या कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवायचा, मी रसायनशास्त्र, आणि दोघांना मिळून प्रयोगशाळा एकच. मी चहाचा कप तोंडाशी नेला रे नेला की हा हजर. मनगटाचं हाड दाबत सुरू व्हायचा, "हे पाह्य देशमुख, कॅल्शियम इथं आपोआप नाही थांबत. त्याले धरून ठेवणारं एक प्रोटीन असते. ऑस्टिओकॅल्सिन! तुह्यात हाय, माह्यात हाय अन् माशातही हाय!" चहा माझ्या शर्टावर. बरं, रागवावं म्हटलं तर पठ्ठ्या तोवर खिडकीशी, तिथून दाराशी. खुर्चीत धड बसलेला असा मी त्याला कधी पाहिलाच नाही.

माशाच्या हाडातल्या याच प्रोटीनवर त्याची पीएचडी चालली होती. आता गंमत बघा, माणूस शेगावच्या भिक्षुकाचा मुलगा, गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. आणि हा सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणावरून बादलीत जिवंत मरळ घेऊन यायचा, जीपमधल्या लोकांच्या शिव्या खात. मग माळ काढून खिळ्याला अडकवायची, मासा मारायचा, हाडं मोकळी करायची. दर वेळी मारण्याआधी डोळे मिटून घ्यायचा. "अजून सवय नाही झाली का रे?" मी विचारायचो. "होऊ नये बे. ज्या दिवशी झाली, त्या दिवशी सोडून देईन." वास मात्र माझ्या सगळ्या रसायनांना पुरून उरायचा, आणि त्यावरून मी त्याला रोज झापायचो.

त्याचा जीव टांगणीला लागला होता तो वेगळ्याच गोष्टीनं. शेगावला वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा नानांनी विचारलं होतं, "कशावर करून राह्यला, दिगू?" हा उठून खिडकीशी गेला. कसाबसा म्हणाला, "काट्यावर, नाना." आता यात खोटं काय? माशाच्या हाडाला आपण काटाच म्हणतो. पण ज्या घरात मासा कधी आलाच नाही, त्या घरात काटा म्हणजे बाभळीचा! नाना खूश. "चांगलं हाय. पायात मोडला तर लय ठणकते. त्याच्यावर काही काढ."

झालं! नाना पूजेला ज्या ज्या गावी जात, तिथून काटे आणू लागले. हिवराचे, बोरीचे, हिंगणबेटाचे. दिगंबर रविवारी घरी गेला की सोमवारी रुमालात बांधलेलं पुडकं घेऊन येई. प्रयोगशाळेची एक फळी काट्यांनी भरली आणि त्याचा प्रसाद माझ्या बोटांना मिळू लागला. "फेक ना हे!" मी ओरडलो. "बापानं वाकून वाकून जमवले बे. कसे फेकू?"

"मग सांगून तरी टाक."

"सांगतो." लगेच येरझारा सुरू. "पण माह्या हातचं पाणी बंद केलं त्यायनं तर? आई गेल्यापासून माह्याच हातचा चहा पेतात ते. मी नसलो तर पेतच नाहीत." मी फळीवरचे काटे नीट लावून ठेवले. मला माझीच चीड आली.

शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस आला. बाहेरगावचे परीक्षक आले, हॉल भरला. दिगंबर पडद्यावर पहिलं चित्र लावणार, तोच दारात नाना! कुण्या यजमानानं मोबाइलवर निमंत्रण दाखवलं होतं म्हणे. धुतलेलं धोतर, उपरणं, हातात रुमालाचं पुडकं. येऊन थेट पहिल्या रांगेत बसले. मी दिगंबरच्या कानाशी लागलो, "चित्रं वगळ. नुसतं इंग्रजीत बोल, त्यांना काही कळणार नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग पडदाभर मरळ लावली आणि चक्क मराठीत म्हणाला, "हा मासा. याचे काटे म्हणजे याची हाडं. माझं सगळं काम यांच्यावर आहे."

नाना शेवटपर्यंत मान न हलवता ऐकत राहिले. परीक्षकांचे प्रश्न संपले. आणखी कुणाला काही विचारायचंय का, असं म्हटल्यावर ते उभे राहिले.

"जित्ता होता का हा मासा?"

"हाव, नाना."

"मंग मारला कोनं?"

"मी. सगळे मीच मारले."

नानांनी पुडकं खुर्चीवर ठेवलं आणि ते निघून गेले. थोड्या वेळानं परीक्षकांनी निकाल सांगितला, टाळ्या वाजल्या, मुलं हार घेऊन पुढे आली. डॉक्टर दिगंबर जोशी तोवर जिना उतरून माझ्या स्कूटरपाशी पोचला होता.

स्टँडवर शेगावची गाडी सुटायच्या बेतात होती. नाना खिडकीशी बसले होते. दिगंबरनं खिडकीची दांडी दोन्ही हातांनी धरली. "नाना, बोला ना काही. शिव्या द्या." नाना समोर पाहत राहिले. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तेव्हा ते म्हणाले, तेही याच्याकडे न बघता, "चहा तुह्याच हातचा लागते मले. आंघोळ करून ये."

आता आंघोळ कुठं करावी? गावात कितीतरी दिवसांत नळ आलेला नव्हता. त्याला माझ्या घरी नेलं, ड्रमच्या तळाशी उरलेलं पाणी बादलीत काढून दिलं. तो आत गेला. बराच वेळ झाला तरी आतून पाण्याचा आवाज काही येईना. मला भीती वाटली. मी दार ठोकलं, "अरे, काय करतोयस आत? पुढची गाडी जाईल!"

"थांब ना बे देशमुख," आतून आवाज आला. "रडून राह्यलो."