सव्वानऊ इंचांचा मांडव

१६ मार्च २०२५, रविवार. अमरावतीतल्या आमच्या घराचं मागचं अंगण. लाकडी पर्गोल्यासाठी सुताराने सांगितलेली रक्कम बासष्ट हजार. हजर तिघं: मी, बायको आणि तिच्या माहेरचे सुतारकाका.

बायकोचं माहेर भातकुलीजवळ. काका नात्याने आमचे कोणी नाहीत, पण गावची लेक ती आपली लेक असं मानणारे. त्यामुळे ते आमच्या घरी जेवत नाहीत. त्या दिवशीही फडक्यात बांधून आणलेली भाकरी त्यांनी मागच्या पायरीवर बसून खाल्ली. मी बसभाडं पुढे केलं तर हात मागे घेतला. उलट निघताना बायकोच्या हातावर पन्नास रुपये ठेवले.

"पर्गोला म्हंजे मांडवच ना, बाई?"

"मांडवच, काका. कृष्णकमळ चढवायचं आहे."

"मंग सागाचा करा. मांडव येलासाठी असते. आपून फक्त खाली बसतो."

त्यांनी तो दिवस आणि पुढचा रविवारही अंगणात काढला. दुपारी दोनला ऊन कुठं येतं, चारला भिंतीवर किती चढतं, ते बसून पाहिलं. खांब कुठं रोवायचे, वरच्या पट्ट्या कोणत्या बाजूला कलत्या ठेवायच्या, ते खडूने आखून दाखवलं. दोन पट्ट्यांमधलं अंतर त्यांनी भिंतीवर वीत टेकवून सांगितलं. मी टेप लावला. सव्वानऊ इंच भरलं.

"माह्यी वीत मोठी हाय, जवाईबापू. वितीवर मोजून गजरा घ्याले बायको मलेच संगं नेते."

आम्ही तिघंही हसलो. मी सगळं कागदावर उतरवून घेतलं.

मी नोकरीसाठी बडनेरा स्टेशनावरून रोज रेल्वेने अकोल्याला जातो. ऑफिसजवळ एका वेल्डिंगवाल्याचं वर्कशॉप आहे. सोमवारी तो कागद मी त्याच्यापुढे ठेवला. लोखंडी चौकोनी पाइप, रंग, आणून बसवणं, सगळं धरून त्याने अडतीस हजार पाचशे सांगितले. म्हणजे तेवीस हजार पाचशे कमी.

"सायेब, हे सव्वानऊ कोन्या इंजिनिअरनं काढलं? नऊ ठेवा, नाही तं दहा."

"कागदावर आहे तसंच करा."

"लय मोठा इंजिनिअर दिसते. फी किती घेतली?"

"घरचाच आहे," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी काकांना फोन केला. म्हणालो, यंदा पैशाचं जमत नाही, पुढच्या वर्षी पाहू. पैसे बँकेत होते. बायको समोर मेथी निवडत होती. ती ताट उचलून आत गेली.

लाकूड घ्यायचं की लोखंड, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला समजावलं. तेही खरंच होतं. काका मापाचे पैसे तसेही घेत नाहीत, हेही मी मनात धरलं. ते का घेत नाहीत, याचा विचार केला नाही.

एप्रिलमध्ये काळ्या रंगाचा मांडव उभा राहिला. दिसायला चांगला होता. मे महिन्यात सकाळी अकरानंतर त्याला हात लावता येईना. वेलाचा कोवळा शेंडा पट्टीपर्यंत पोचला की तिथेच करपायचा, बोटात धरला की चुरा व्हायचा. बायको रोज सकाळी पट्ट्यांना ओलं पोतं गुंडाळायची. दहापर्यंत ते वाळून कडक व्हायचं.

मेच्या शेवटच्या रविवारी दुपारी फाटक वाजलं. काका होते. दारातच बोलायला लागले.

"तुमचा फोन आला तवापासून डोक्यात घोळून राहिलं, जवाईबापू. पैशाची कायजी नका करू. साग माह्याकडे पडून हाय. मांडव आता घालून देतो, पैसे सवडीनं द्या. दोन वरसं लागले तरी चालते."

मी दारातून बाजूला झालो नाही. आतून बायकोचा आवाज आला, "काका, मागच्या अंगणात या."

काका मांडवाखाली उभे राहिले. स्टूल मागितलं. वर चढून त्यांनी दोन पट्ट्यांमध्ये वीत टेकवली. चटका बसला तसा हात झटकला. उपरणं पंज्याभोवती गुंडाळून पुढच्या फटीत पुन्हा टेकवली. अंगठा एका पट्टीला, करंगळी दुसरीला. मग तिसऱ्या फटीत.

"बराबर हाय," खाली उतरत म्हणाले. "येल्डिंगवाला चांगला हाय."

तेव्हा मी सगळं सांगितलं. कागद, अकोला, बँकेतले पैसे. मान वर करता येत नव्हती, म्हणून स्टुलाकडे बघत सांगितलं.

"लोखंड घेतलं त्याचं काई नाई," ते म्हणाले. "लोकं घेतेच. पन पैसे नाईत असं काहून सांगितलं? मी घरी बायकोले म्हनलं, आपल्या बाईचं घर अडचनीत हाय. ते तं रडाले लागली."

"गावात आता काय सांगू मी, काका?" बायको म्हणाली.

"काय सांगतं? जवायाले हुंडा द्याचा राह्यला होता, त्यानं माप नेलं म्हनू."

बायकोला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मला दोन्ही जमलं नाही.

उपाय त्यांनीच सुचवला. प्रत्येक लोखंडी पट्टीवर सागाची पट्टी स्क्रूने बसवायची, म्हणजे वेलाला लाकूड लागेल. चार दिवस लागले. भाकरी चारही दिवस त्यांची होती. ते ड्रिल चालवत होते तेव्हा मी मनात बेरीज केली: साग आणि मजुरी धरून एकूण बावन्न हजार सातशे, म्हणजे अख्ख्या लाकडी मांडवापेक्षा अजूनही नऊ हजार तीनशे कमी. ही बेरीज त्या वेळीही मला सुचली, म्हणून इथे लिहिली.

८ जून, रविवार. साग आणि मजुरीचे चौदा हजार दोनशे काकांना दिले, त्यांनी मोजून घेतले. मापाचे म्हणून पाच हजारांचं वेगळं पाकीट दिलं, ते त्यांनी न उघडता परत केलं. "काम देनाऱ्याकडून मापाचे पैसे घेत नसतात. अन् तुमी काम दिलं ना आता." मग चपला घालून, पिशवी खांद्याला लावून, बायकोच्या हातावर शंभर रुपये ठेवले.