विहिरीचा एकोणिसावा टप्पा

मुबश्शिरा नांदेडला देगलूर नाक्यामागच्या गल्लीत आईजवळ राहायची. वय तेहतीस. लग्नाच्या ब्लाउजांवर आरीकाम, म्हणजे आरीच्या सुईनं भरतकाम, करायची. भाऊ नबील नोकरीसाठी हैदराबादला गेला तेव्हा त्याचा व्हिडिओ गेमचा डबा घरीच राहिला. "विकून टाक," असं तो म्हणाला होता. तिनं विकला नाही, दुपारी काम आटोपलं की ती स्वतःच खेळायला लागली.

पुढं तिनं यूट्यूबवर चॅनेल काढलं. चेहरा दाखवायचा नाही, एवढी एकच अट तिच्या आईनं, जन्नतबीनं, घातली होती. म्हणून पडद्यावर गेम दिसायचा, कोपऱ्यात कंट्रोलर धरलेले तिचे दोन हात आणि वरून तिचा आवाज. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे बोलायची मराठीत, पण फटकळ.

"ह्यांनी कहाणी न्हाई लिहिली, भाषण लिहिलंय," ती गेमवाल्यांबद्दल म्हणायची. "दहा मिनिटं तो म्हातारा बोलूनच राहिला. आपण काय, मान हलवायची?"

हदगावपासून उदगीरपर्यंतची पोरं तिला ऐकायची. तिचं एक मत सगळ्यांना पाठ होतं: गेमची कहाणी मध्ये मध्ये दाखवतात त्या सिनेमात नसते, ती तुमच्या मरण्यात असते. चाळीस वेळा मेलात आणि एक्केचाळिसाव्या वेळी पार झालात, ती तुमची कहाणी. गेममध्ये 'सोपं' नावाचा पर्याय असतो, तो निवडला की शत्रू मऊ होतात. त्यावर तिचा फार राग. "सोपं करून खेळलात तर कहाणी न्हाई मिळत. नुसती खबर मिळते."

एकदा शिरूर अनंतपाळच्या दामिनी नावाच्या मुलीनं व्हिडिओखाली लिहिलं, "ताई, माझा उजवा हात लहानपणापासून लुळा आहे. मी सोपं करून खेळले तर चालेल का?"

मुबश्शिरानं पुढच्या व्हिडिओत ते नावासकट वाचून दाखवलं आणि हसत म्हणाली, "मग खेळू नका, बघा. जेवता येत न्हाई म्हणून कुणी पंगत मऊ करत न्हाई." लोक लई हसले. तिचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तोच.

त्यानंतरच्या वर्षी एक नवा गेम आला. एक बाई आपली हरवलेली मुलगी शोधायला एका अफाट विहिरीत उतरते. बावीस टप्पे, प्रत्येक टप्प्यावर एक पहारेकरी. मुबश्शिरा त्या गेमवर जीव टाकून होती. त्यात कुणी काही समजावून सांगत नव्हतं. बाई बोलतच नव्हती. तिच्या धापेवरून कळायचं की ती आई आहे. अठरा टप्पे ती सहा आठवड्यांत उतरली.

एकोणिसाव्याला तिची बोटं अडली.

आधी वाटलं, आरीकामानं दुखत असतील. मग सकाळी मुठी मिटेनात. सलवारीची नाडी बांधायला अर्धा तास लागायला लागला, तोही दार लावून, आईला कळू नये म्हणून. सुई हातातून गळायची. एका नवरीच्या ब्लाउजचा मोर अर्धा राहिला तेव्हा जन्नतबीनं तिचे हात उलटे करून बघितले. सांधे सुजून लाल झाले होते.

"कब से है ये?"

"परसों से."

"झूठ नक्को बोल."

डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, संधिवाताचा वाईट प्रकार आहे. गोळ्यांनी पुढचा बिघाड थांबेल. झालेला बिघाड भरून येईलच असं नाही.

आरीकाम सुटलं. पण दुपारी ती कंट्रोलर घेऊन बसायचीच. पहारेकरी भाला उचलायचा, तिला कळायचं आता डावीकडे उडी मारायची, डोळ्यांना कळायचं, मेंदूला कळायचं, पण अंगठा पोहोचेपर्यंत बाई मेलेली असायची. त्रेचाळीस दिवस. एका दुपारी तिनं सुतळीनं अंगठा कंट्रोलरला बांधून बघितला. कातडी सोलली. ती भिंतीला डोकं टेकवून मोठ्यानं रडली. शेजारीण विचारायला आली, "कौन गुजर गया?"

तिनं तो जुना पंगतीचा व्हिडिओ लावला आणि स्वतःचं हसणं ऐकलं. पूर्ण ऐकवलं नाही. चॅनेल ऐकणाऱ्या एका पोराकडून दामिनीचा नंबर मागून घेतला आणि फोन लावला.

"मी मुबश्शिरा. ते हातांवालं चॅनेल..."

"वळखलं. आवाज वळखू येतो की."

मुबश्शिरानं माफी मागितली.

"माझ्या वर्गातल्या पोरींनी बी तो व्हिडिओ बघितला," दामिनी म्हणाली. "पंगत म्हणून हाक मारायच्या मला. तीन महिने मी गेम उघडला न्हाई. आता तुमचे हात गेले म्हणून फोन करून राहिलात ना?"

हात गेल्याचं मुबश्शिरानं चॅनेलवर सांगितलं होतं.

"विहीर म्या संपवली. सोपं करून, एका हातानं. शेवटाला लई रडले. तुमची माफी राहू द्या, मला तिचं काय करायचं ते कळत न्हाई." दामिनीनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुबश्शिरानं 'सोपं' निवडलं. पहारेकरी तीन वारांत कोसळला. ज्याच्यासाठी त्रेचाळीस दिवस गेले, तो तीन वारांत. आनंद झाला नाही. पण आता भाल्यावर नजर ठेवायची गरज नव्हती, म्हणून तिला विहिरीच्या भिंती दिसल्या. त्यांवर लहान मुलीच्या हाताचे मातीचे ठसे होते. तिनं मागचे टप्पे पुन्हा उघडून बघितले, तर ते पहिल्या टप्प्यापासून होते. अठरा टप्पे ती त्यांच्यासमोर लढली आणि तिनं एकही बघितला नव्हता.

उरलेले टप्पेही ती तशीच उतरली आणि तळाशी मुलगी सापडली. तिला पाठीवर घेऊन वर चढायचं होतं, त्यासाठी दोन बटणं एकदम दाबून धरायची. तिथं सोपं-अवघड असा फरकच नव्हता. मुबश्शिराची बोटं सुटायची आणि दोघी पुन्हा तळाशी. सहाव्या वेळी जन्नतबी जवळ येऊन बसली. तिनं एक बटण धरलं. अर्ध्यावर आल्या आणि म्हातारीचंही बोट बटणावरून सुटलं. दोघी पडल्या.

"बस कर, बेटी," जन्नतबी म्हणाली. त्या दुपारी डबा बंद झाला. मुबश्शिरानं शेवट कधी बघितला नाही.

आठवड्यानं तिनं व्हिडिओ केला. कोपऱ्यात सुजलेले हात दिसू दिले. 'माझं मत चुकीचं होतं. मेहनत प्रत्येकाची आपापली असते, ती गेमवाल्यानं मोजायची न्हाई,' असं ती म्हणाली. फार कुणी बघितलं नाही. खाली एकानं लिहिलं, "स्वतः हरली म्हणून मत बदललं."

ती दिवसभर त्या ओळीकडे बघत राहिली. हात धड असते तर आपण बदललो असतो का? तिला प्रामाणिकपणे 'हो' म्हणता येईना. टाइप करता येत नव्हतं, म्हणून तिनं फोनमध्ये बोलून उत्तर लिहून घेतलं, "हाव. हरले म्हणूनच."

मग गोळ्यांची वेळ झाली. पाकिटाची चंदेरी पट्टी तिनं दातांनी फाडली.