पंचमीला न कापलेली पट्टी

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. भाऊ पलटणीत होता. आम्ही इस्लामपूरजवळच्या खेड्यात राहायचो. नागपंचमीच्या आदल्या दिवशी माझी धाकटी बहीण झोक्यावरून पडली आणि तिचा उजवा हात कोपराजवळ मोडला. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कांबी लावून पट्टी घट्ट आवळली आणि वर लेप थापला. लेप वाळून दगडासारखा झाला.

पंचमीच्या सकाळी तिची बोटं सुजून निळी पडली. आई वारुळाला गेली होती. बहीण म्हणाली, "आक्का, बोटं माझी न्हाईत असं वाटतंय. काप की ही पट्टी."

पंचमीला आमच्याकडे काही चिरत नाहीत, कापत नाहीत. भावाला इजा होते म्हणतात. त्यात आमचा भाऊ लढाईवर. गाठी सोडवून पाहिल्या, पण त्या लेपात रुतल्या होत्या. विळा हाताशी होता. मी म्हणाले, "आज न्हाई. उद्या कापू."

ती रडली, मग गप्प झाली. दुखणं उतरलं असेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी कापली तेव्हा तिला चिमटा कळत नव्हता. पुढं बोटं आत वळत गेली. मिरजेच्या डॉक्टरांनी माझी बोटं माझ्याच दुसऱ्या हाताच्या कोपराखाली, आतल्या बाजूला टेकवली आणि त्या हाताची मूठ मिटायला सांगितली. आत मांस हललं. ते म्हणाले, बोटं मिटायची ताकद बोटांत नसते, इथं असते. इथून दोऱ्या मनगटावरून बोटांपर्यंत जातात. रक्त अडलं, मांस मेलं आणि आखडलं. आता काही होणार नाही.

मनगट आत वाकवलं की तिची बोटं थोडी उघडायची, सरळ केलं की पुन्हा मिटायची. भाकरी तिला कधीच थापता आली नाही. दोन स्थळं त्यावरून मोडली. शेवटी बिजवराला दिली.

भाऊ धडधाकट परत आला. पंचमी पाळली म्हणून आला, असं आई चारचौघांत सांगायची. बहीण तिथंच बसलेली असायची.

म्हातारपणी एकदा मी तिला म्हणाले, माझं चुकलं. ती डाव्या हाताने शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कापली असतीस तर आईनं तुला मारलं असतं. तेवढंच झालं असतं."

खरं आहे. मला मार नको होता. भावाचं नाव मी नंतर पुढं केलं.