राजाला पुस्तक कशाला?

परवा डिचोलीत आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी ताटात भाजलेला रवा पसरून त्यात बोटाने अक्षरं गिरवायची होती. तो खमंग वास नाकात गेला आणि मी थेट पेडण्याच्या शाळेत, चौथीच्या वर्गात जाऊन उभी राहिले.

तिथेही वर्गामागे उपिटासाठी रवा भाजत होते, आणि माझ्या पुस्तकातली अक्षरं जागेवर थांबत नव्हती.

"वाच, नाहीतर आणखी एक वर्ष चौथीतच बस!" बाई म्हणाल्या.

धडा मला ऐकून ऐकून पाठ होता. मी पुस्तक मिटलं, दप्तर गदेसारखं खांद्यावर घेतलं आणि दशावतारी नाटकातल्या राजासारखी पावलं आपटत अख्खा धडा गर्जून दाखवला. वर्गाने टाळ्या पिटल्या.

"पुस्तक उघड गो!"

"बाई, माझे बाबा दशावतारात राजा होतात. सगळं तोंडीच बोलतात. त्यांका पुस्तक लागना, मग म्हाका कित्याक, मला कशाला?"

छडी बसली. वर्षही गेलं. कितीतरी वर्षं मला त्या उद्धटपणाची लाज वाटायची. आता वाटते ती फक्त एकाच गोष्टीची, की दुसऱ्या दिवसापासून मी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

"अशा मुलांची परीक्षा कशी घ्याल?" प्रशिक्षकांनी विचारलं.

मी रव्याचं बोट साडीला पुसलं, उभी राहिले आणि एक पाऊल दणकन आपटलं.

"तोंडी! आणि वाचता येत नाही म्हणून माझ्या वर्गात कोणीही मागे राहणार नाही."